प्रकाशाने बदलणारी चिप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एफपीजीए (आतले सर्किट हवे तसे बदलता येणारी चिप) सहज मिळत असताना प्रकाशाने संरचना बदलणारी गेट ॲरे (तर्कसर्किटांची जाळी) कशासाठी?

एफपीजीएत संरचनेचे, म्हणजे कोणते सर्किट बनवायचे ते सांगणारे, बिट बाहेरच्या मेमरीतून तारांवरून क्रमाने आत येतात. मोठ्या चिपला त्यासाठी कित्येक मिलिसेकंद लागतात. ऑप्टिकल चिपच्या वर होलोग्राम (प्रकाशाचे नमुने साठवणारे माध्यम) असतो आणि त्यात अनेक सर्किटे साठवलेली असतात. हवा तो लेझर लावला की त्या सर्किटचा ठिपक्यांचा नमुना चिपवर पडतो. दर बिटाला स्वतंत्र फोटोडायोड (उजेड पडला की प्रवाह देणारा घटक) असल्याने सगळे बिट एकाच वेळी, काही नॅनोसेकंदांत बदलू शकतात. शिवाय होलोग्राममध्ये प्रत्येक बिटाची माहिती पसरलेली असते. त्याचा तुकडा किरणोत्सर्गाने खराब झाला तरी नमुना थोडा मंद होतो, पुसला जात नाही. अंतराळातल्या वापरासाठी हे फार मोलाचे आहे.

प्रश्न : एम.टेक. प्रकल्पात ०.३५ मायक्रॉन सीमॉस (चिप बनवण्याचे एक तंत्र) मध्ये बिटाचे सर्किट काढत आहे. प्रत्येक फोटोडायोडमागे बिट धरून ठेवणारे छोटे सर्किट, म्हणजे लॅच, असल्याने जागा पुरत नाही. लॅच काढला तर चालेल का? लेझर किती ताकदीचा लागेल?

लॅच जरूर काढा. जपानमध्ये मिनोरू वातानाबे यांच्या गटाने हाच मार्ग घेतला : फोटोडायोडची स्वतःची जंक्शन धारिताच (भार साठवण्याची क्षमता) मेमरी म्हणून वापरायची. एका पीमॉस ट्रान्झिस्टरने नोड (हा भार साठवणारा बिंदू) ३.३ व्होल्टला प्रीचार्ज करा, म्हणजे आधीच भारून ठेवा, पुढे इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारे सर्किट) ठेवा. उजेड पडला की नोड खाली येतो.

हिशेब असा. नोडची धारिता ५० फेम्टोफॅरड धरा. इन्व्हर्टर उलटायला १.६५ व्होल्ट उतरावे लागतात, म्हणजे ८२.५ फेम्टोकूलंब भार. डायोड वॅटमागे ०.३ अँपियर देत असेल तर २७५ फेम्टोज्यूल प्रकाश हवा. तो १० नॅनोसेकंदांत द्यायचा तर दर बिटाला २७.५ मायक्रोवॅट. १००० बिट उजळायचे असतील आणि होलोग्रामची कार्यक्षमता १० टक्के असेल, तर लेझर २७५ मिलिवॅटचा! म्हणून उजळ बिटांची संख्या आधी कमी करा. बिटांचे गट पाडा आणि दर गटाला एक उलटा करण्याचा बिट द्या; तो लावला की गटातले सगळे बिट उलटे वाचायचे. मग कोणत्याही गटात निम्म्याहून फारसे जास्त बिट उजळावे लागत नाहीत.

प्रीचार्ज झाल्यावर सगळे इन्व्हर्टर शून्य देतात. त्या क्षणी तारांच्या मार्गातली सर्व एनमॉस स्विचे बंदच (न जोडलेली) राहतील अशी ध्रुवता निवडा (उलटे बिट वापरत असाल तर हे विशेष तपासा), नाहीतर दोन ड्रायव्हर एकाच तारेवर भिडतात आणि प्रवाह भलताच चढतो. प्रीचार्ज ते उजेड या काळात फ्लिपफ्लॉपचे क्लॉकही थांबवा.

अंधारातली गळती १ पिकोअँपियर असेल तर नोड सुमारे ८२ मिलिसेकंद टिकतो. दर १० अंशांना गळती साधारण दुप्पट होते, म्हणजे ४० अंश वाढले की उरतात ५ मिलिसेकंद. तेवढ्या आत पुन्हा प्रीचार्ज करून तोच नमुना टाका. पीमॉसची गळती उतरलेले नोड हळूहळू वर ओढते, तीही सिम्युलेशनमध्ये धरा.

प्रश्न : सिम्युलेशन बरोबर येते, पण चिपवर अंधारात राहायला हवेत ते बिटही पडतात, म्हणजे त्यांचे नोड खाली येतात. का?

आधी लेझर बंद ठेवून प्रीचार्ज करा आणि थांबा. तेव्हाही बिट पडत असतील तर ती गळती. नसतील तर उजेडाची वेळ थोडी थोडी वाढवत कोणते बिट आधी पडतात ते नोंदवा. उजळ बिटांचे शेजारी आधी पडले तर सब्स्ट्रेटमधले (चिपच्या तळच्या सिलिकॉनमधले) इलेक्ट्रॉन पसरत आहेत. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये पंधरा-वीस मायक्रॉन खोल जातो, ६५० चा तीन-चार. तेव्हा लाल लेझर घ्या आणि पुढच्या चिपमध्ये डायोडांभोवती व्हीडीडीला (धन पुरवठ्याला) जोडलेली एन-वेलची (एन-प्रकारच्या सिलिकॉनची) रिंग द्या; ती भटके इलेक्ट्रॉन ओढून घेते. एकाच कडेचे बिट पडले तर होलोग्राम सरकला किंवा फिरला आहे. सगळीकडे सारखेच पडत असतील तर होलोग्रामचा पार्श्वप्रकाश जास्त आहे.

सर्वांत वरच्या धातुथरात डायोडांपुरत्याच खिडक्या ठेवून बाकी भाग झाका, आणि तो थर ग्राउंडला जोडा. उघड्या राहिलेल्या इन्व्हर्टरवर उजेड पडला तर त्याच्या जंक्शनही फोटोडायोडसारख्या वागतात.