वाचकांचे प्रश्न : शोधक श्वान आणि खासगी नोकरी

प्रश्न : मी देवरुखजवळच्या एका गावात राहतो. वय २४, शिक्षण बी.एस्सी., शिवाय एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र आहे. घरी दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे आणि लपवलेली कोणतीही वस्तू तो चटकन शोधून काढतो. त्याला स्फोटके व अमली पदार्थ शोधण्याचे प्रशिक्षण देऊन रत्नागिरी जिल्ह्यातच खासगी डॉग हँडलर म्हणून व्यवसाय करण्याचा विचार आहे. सुरुवात कशी करावी? – एक वाचक, देवरुख

उत्तर : आपण आधी कुत्रा आणि मग व्यवसाय असा क्रम धरला आहे, तो उलटा करावा, असे मला वाटते. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरवली गेली आणि मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतरच्या तपासात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने स्फोटके शोधण्याचे जे काम केले, त्यामुळे आपल्याकडे शोधक श्वान म्हटले की तोच डोळ्यांसमोर येतो. मात्र जंजीरच्या पाठीशी सरकारी यंत्रणा होती. खासगी माणसाची अडचण अगदी पहिल्या पायरीवर सुरू होते, कारण कुत्र्याला वास शिकवायचा तर त्या वासाचा खरा नमुना हाताशी असावा लागतो. अमली पदार्थ विनापरवाना जवळ बाळगणे हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गुन्हा आहे, स्फोटकांनाही परवाना लागतो आणि ‘प्रशिक्षणासाठी ठेवले होते’ या सबबीने कोणाची सुटका होत नाही. कृत्रिम वासाचे नमुने बाजारात मिळतात; परंतु केवळ त्यांवर शिकलेला कुत्रा खऱ्या पदार्थापाशी थांबेलच, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी बाब सुरक्षा सेवेच्या परवान्याची. पैसे घेऊन दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षण करणारी संस्था चालवायची असेल, तर २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. कायद्यात त्याचे शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये असे ठेवलेले आहे. शुल्क परवडेल; परंतु गिऱ्हाईक कोठे आहे? अशा श्वानांना मागणी आहे ती मुंबई, नवी मुंबई, पुणे आणि गोवा येथील मोठी हॉटेले, मॉल, कार्यालयीन संकुले आणि मोठे समारंभ यांच्याकडून. रत्नागिरी जिल्ह्यात केवळ या कामावर घर चालेल, असे मी आपणांस सांगणार नाही.

म्हणून प्रथम परवानाधारक संस्थेत नोकरी धरावी. मेरठचे आरव्हीसी (लष्कराच्या प्राण्यांची देखभाल व प्रशिक्षण पाहणारा विभाग) केंद्र किंवा टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र ही नावे आपण ऐकली असतील. तेथील शिक्षण प्रामुख्याने सरकारी दलांतील जवानांसाठी असते आणि खासगी संस्थांमध्ये भेटणारे अनेक जुने हँडलर तेथूनच निवृत्त होऊन आलेले असतात. त्यांच्या हाताखाली सुरुवातीला पिंजरे धुणे, खाणे मोजून देणे, दात आणि पंजे तपासणे अशीच कामे वाट्याला येतील. ती कमी लेखू नयेत, कारण कुत्रा आज कामाला योग्य आहे की नाही हे ओळखण्याची दृष्टी याच कामांतून येते.

मुलाखतीच्या वेळी पगाराबरोबरच आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : येथे ‘अंध चाचणी’ होते का? म्हणजे नमुना कोठे लपवला आहे, किंबहुना तो लपवला आहे की नाही, हे हँडलरला ठाऊक नसताना कुत्र्याची परीक्षा घेतली जाते का? २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १८ हँडलर-श्वान जोड्यांची परीक्षा घेतली. इमारतीत अमली पदार्थ किंवा स्फोटके यांपैकी काहीही ठेवलेले नव्हते. हँडलरांना मात्र तेथे नमुने आहेत आणि काही ठिकाणी त्यांची खूण आहे असे भासवण्यात आले होते. १४४ फेऱ्यांपैकी केवळ २१ फेऱ्यांत चुकीचा इशारा नोंदला गेला नाही आणि ज्या जागांवर खुणा होत्या तेथे असे इशारे अधिक नोंदले गेले. हँडलरची ताणलेली दोरी, थबकलेले पाऊल, रोखलेली नजर हे सारे कुत्रा वाचतो आणि मालकाला हवे ते उत्तर देतो. आपला लॅब्रॅडॉर घरात वस्तू शोधतो तेव्हा ती कोणी लपवलेली असते? आपणच लपवत असाल, तर आठवडाभर हे काम शेजाऱ्याकडे सोपवावे, आपण बाहेर थांबावे आणि मग निकाल पाहावा. जी संस्था अशी चाचणी टाळते किंवा ‘आमचा कुत्रा कधीच चुकत नाही’ असे सांगते, तेथे नोकरी करू नये.

कुत्र्याने इशारा दिल्यावर खासगी हँडलरने वस्तूला हात लावायचा नसतो. जागा मोकळी करून पोलिसांना कळवावे, एवढाच त्याचा अधिकार आहे.

गावी राहूनच काही करायचे असेल, तर मला एक वेगळी वाट दिसते. नारळाच्या बागांत सोंड्या भुंग्याची अळी खोडाच्या आत राहून गाभा खाते आणि शेंडा कलंडेपर्यंत बागायतदाराला बहुधा पत्ता लागत नाही. खजुराच्या झाडांतील याच किडीचा वास कुत्र्यांकडून शोधून घेण्याचे प्रयोग इस्रायलमध्ये झालेले आहेत. येथे नमुना म्हणजे कीडग्रस्त खोडाचा तुकडा, तो जवळ बाळगल्याने कोणताही कायदा मोडत नाही. हा आज तयार असलेला धंदा नव्हे, हे स्पष्ट सांगतो. परंतु भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रातील तज्ज्ञांशी बोलून, नोकरी सांभाळत, स्वतःच्या कुत्र्यावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. खवले मांजराच्या तस्करीविरुद्ध श्वान वापरण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. मात्र त्याचे खवले बाळगणे हाही वन्यजीव कायद्याखाली गुन्हा असल्याने ते काम वनविभागाकडेच राहू द्यावे.

प्रश्न : शोधकामासाठी विलायती जातीचाच कुत्रा हवा का? गावठी कुत्रा चालणार नाही का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : चालेल. उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरच्या कुत्र्याला शिकवून पथकात घेतल्याचे उदाहरण आहे. कुत्रा निवडताना चेंडूसाठी तो किती वेळ न कंटाळता धडपडतो आणि गर्दी, गोंगाट, गुळगुळीत फरशी यांना बिचकतो का, एवढे आधी पाहावे. लॅब्रॅडॉर अधिक दिसतात, कारण या गुणांची पिल्ले त्या जातीत शोधणे सोपे जाते आणि हॉटेलातील पाहुणे त्यांना घाबरत नाहीत.

प्रश्न : मी पशुवैद्यांकडे मदतनीस आहे आणि हँडलर होण्याची इच्छा आहे. कोकणच्या हवेत अशा श्वानाची कोणती विशेष काळजी घ्यावी लागते? – एक वाचक, मालवण

उत्तर : आपला अनुभव येथे मोठ्या कामाचा आहे. धापा टाकणारा कुत्रा नाकाने नीट हुंगू शकत नाही, म्हणून मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये शोधकाम पहाटे किंवा सायंकाळी ठेवावे, मध्ये वारंवार विश्रांती द्यावी. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका कुत्र्याला आणि आपल्यालाही असतो. कुत्र्याला दरवर्षी लस द्यावी. मात्र ती या रोगाच्या सर्व प्रकारांवर चालत नसल्याने भातखाचरातले किंवा गटाराचे साचलेले पाणी त्याला पिऊ देऊ नये, स्वतः गमबूट घालावेत आणि ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना आपले काम काय आहे हे सांगावे. गोचिडांसाठी कान आणि बोटांमधली जागा रोज पाहावी. सड्यावर किंवा गडग्याच्या कडेने शोध घेताना दोरी आखूड धरावी, कारण दगडाखाली फुरसे असू शकते आणि कुत्रा प्रथम नाकच पुढे घालतो. आपल्याकडचे सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते; ते जवळच्या कोणत्या पशुवैद्यांकडे शिल्लक असते, याची चौकशी कामाला लागण्यापूर्वीच करून ठेवावी.