मान वर करा, फुलं तिकडे आहेत

मार्च लागला की या सदराकडे एकाच विषयाचे प्रश्न येतात, फुलं बघायला कुठे जायचं. यावेळचे सगळे ठाणे आणि नवी मुंबईतूनच आलेत, म्हणून एकत्रच घेते.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मागच्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन येऊरला गेलो, म्हटलं वसंत ऋतू आहे, जंगलातली फुलं दाखवू. साडेअकराला पोचलो तर सगळं वाळलेलं, पायाखाली नुसता पाचोळा. मोठा म्हणाला, बाबा इथे तर उन्हाळाच आहे. फुलं नक्की असतात तरी कुठे?

उत्तर : मोठ्याचं बरोबर आहे हो, त्याला रागावू नका. आपल्याकडे वसंत आणि उन्हाळा हातात हात घालूनच येतात, आणि तुम्ही दोघांनाही साडेअकराला गाठलंत. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, आख्खं उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि त्यातलं बरंचसं जंगल पानगळीचं आहे. पाणी वाचवायचं म्हणून झाडं पानं टाकून देतात, तुम्ही जो पाचोळा तुडवत गेलात तो तोच. पण गंमत अशी की नेमकं याच वेळी पळस, काटेसावर, पांगारा फुलतात, कारण मध्ये पानंच नसली की लांबून उडत येणाऱ्या पक्ष्याला लाल-केशरी फूल झटकन दिसतं. म्हणजे फुलं होतीच, पण तुमच्या डोक्याच्या वर, आणि तुम्ही चौघं बहुतेक पायवाटेच्या कडेला शोधत होतात.

पुढच्या वेळी असं करा. सकाळी सातला तिथे असा. आधी काटेसावर शोधा, ती सोपी, उंच सरळ झाड, फांद्या आडव्या, कोवळ्या खोडावर काटे, आणि पानाचा पत्ता नसताना तळहाताएवढी लाल मांसल फुलं. खाली गळतात तेव्हा धप्प आवाज येतो, मुलांना तो ऐकवा. ही फुलं चितळं आवडीने खातात, त्यामुळे जंगलात सावरीखाली सडा दिसला नाही तर कोणीतरी आधीच नाश्ता करून गेलंय असं समजायचं. मग पळस. पळसाला पानं तीनच म्हणतात पण मार्चमध्ये तीही नसतात, काळ्या कळ्यांच्या झुबक्यातून पोपटाच्या चोचीसारखी केशरी फुलं बाहेर आलेली असतात. अशा एका फुललेल्या झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर गप्प बसा, दुर्बीण असली तर उत्तम नसली तरी चालेल, आणि अर्धा तास नुसतं बघा कोण कोण येतं ते. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, कावळे, मध्येच खारी, सगळ्यांची मधासाठी भांडणं चाललेली असतात. माझ्या मते फुलापेक्षा हा तमाशा जास्त बघण्यासारखा असतो आणि मुलांना तर शंभर टक्के. नऊनंतर ऊन चढलं की सगळे सावलीत गडप.

एक फसवणूक आधीच सांगून ठेवते. लांबून एखादं झाड गडद लाल पेटलेलं दिसलं आणि जवळ जाऊन फुलं सापडलीच नाहीत तर तो कुसुम. लाल दिसते ती त्याची नवी पालवी असते. मी पहिली दोन वर्षं तिला फुलं समजून फोटो काढत होते आणि लोकांना अभिमानाने पाठवतही होते, कोणीही चूक काढली नाही म्हणजे सगळे माझ्यासारखेच.

बाकी तिथे वन खात्याच्या गेटवर वेळ आणि परवानगीचं विचारून मगच आत जा, खायचं सामान माकडांना दिसेल असं हातात धरू नका, आणि संध्याकाळ रेंगाळू नका कारण बिबट्याचं घर आहे ते. पाणी मात्र जास्त न्या, मुलं दीडपट पितात.

प्रश्न : पाम बीच रोडने जाता-येता आणि पारसिक हिलच्या बाजूला फेब्रुवारीत गुलाबी फुलांची झाडं दिसतात. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात नवी मुंबईत चेरी ब्लॉसम आलंय. खरंच का? (नेरूळ)

उत्तर : नाही. चेरीला थंडी लागते, आपल्या दमट हवेत ती तग धरणार नाही. डोंगरउतारावर जी बारीक फिकट गुलाबी फुलं फांदीभर लगडलेली दिसतात ती बहुतेक गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, आपल्याकडे तिला उंदीरमारी म्हणतात कारण तिच्या बिया नि साल उंदीर मारायला वापरायचे. मूळची मध्य अमेरिकेकडची, पटकन वाढते म्हणून उघड्या डोंगरांवर भरपूर लावली. रस्त्याच्या कडेला मोठी, पिपाणीच्या आकाराची गुलाबी फुलं असतील तर तो टॅबेबुया, तोही तिकडचाच, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळीच्या आसपास फुलतो तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढतात (कृपया हायवेवर गाडी थांबवू नका). दिसायला सुंदर दोन्ही, त्यात वाद नाही. पण नेरूळहून पनवेल काही लांब नाही, आणि पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा हायवेलाच कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, १९६८ पासूनचं, जेमतेम बारा चौरस किलोमीटर पण झाडं अस्सल इथली. वाटेत पळस्पे फाटा लागतो, त्या नावातच पळस आहे बघा. ग्रुपला एकदा तिकडे न्या आणि उंदीरमारीचं नाव सांगा, चेरी ब्लॉसमचा विषय कायमचा बंद होईल.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, नौपाड्यात राहतो, गुडघ्यांमुळे डोंगर-जंगल बंद झालं आहे. सपाट, सावलीचं, बसायला बाकं असलेलं आणि जुनी झाडं असलेलं ठिकाण सुचवा. मॉलमधली बाग नको.

उत्तर : आजोबा, राणीची बाग. भायखळ्याची. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तुम्ही म्हणाल लहानपणी हत्ती बघायला गेलो होतो तीच ना, हो तीच, पण आपण सगळे तिथे प्राणी बघायला गेलो आणि झाडांच्या खालून तसेच निघून आलो. १८६२ साली ही बाग लोकांसाठी उघडली, तेव्हा ती व्हिक्टोरिया गार्डन्स होती आणि मुळात वनस्पतींचीच बाग होती, प्राणी मागून आले. त्यामुळे जगभरातून आणून लावलेली झाडं तिथे दीडशे वर्षांत अशी वाढलीत की मुंबईत दुसरीकडे तशी सावली मिळणं अवघड.

या दिवसांत जाऊन तीन झाडं मुद्दाम विचारून बघा. पहिली उर्वशी. म्यानमारची, लाल-गुलाबी फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळ्यांवर पिवळा ठिपका. गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीवरून हिचं शास्त्रीय नाव ठेवलं, पण आपलं उर्वशी हे नावच तिला जास्त शोभतं असं माझं प्रामाणिक मत. दुसरा सीतेचा अशोक. तुमच्या आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला सरळसोट उभा असतो तो अशोक नव्हेच, त्याला आसुपालव म्हणतात, खऱ्या अशोकाला केशरी-लाल गेंद येतात आणि तेही थेट जुन्या फांद्यांवर. तिसरा कैलासपती, दक्षिण अमेरिकेतला पण आपण त्याला पार शंकराचा करून टाकलाय, कारण फुलाच्या आत बघितलं की पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखं दिसतं. फुलं खोडालाच फुटतात, त्यामुळे तुम्हाला मान वर करायचीही गरज नाही, आणि वास असा की आधी नाकाला कळतं. त्याची तोफगोळ्यासारखी फळं मात्र डोक्यावर पडू शकतात, तेव्हा बाक निवडताना वर एक नजर टाका!

ठाण्याहून भायखळा एकाच लोकलमध्ये होतं, स्टेशनच्या पूर्वेला उतरा, जवळच आहे. बुधवारी बाग बंद असते हे लक्षात ठेवा, मी स्वतः एकदा आईला घेऊन बुधवारी बंद गेटसमोर उभी राहिले आहे. शनिवार-रविवार पेंग्विनवाल्यांची गर्दी, तेव्हा मंगळवार किंवा गुरुवार सकाळ. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये उघडलेलं, दुपारी पाय दुखले तर तिथे गारव्याला बसता येईल, पण तेही बुधवारी बंदच.

प्रश्न : एप्रिलच्या शेवटी लेकीकडे इंग्लंडला जाते आहे. ती म्हणते आई तुला ब्लूबेल बघायला जंगलात नेते, सगळे नेतात. निळ्या फुलांचं एवढं काय? आणि चार रोपं किंवा कंद इकडे आणता येतील का? (ऐरोली)

उत्तर : काकू, जा तुम्ही, तुमची वेळ अगदी बरोबर आहे, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ती फुलतात. आपल्या उलट सगळं आहे तिथे. आपली झाडं पानं नसताना डोक्यावर फुलतात, तिथे झाडांना पूर्ण पानं फुटून खाली काळोख व्हायच्या आत जमिनीवरची रोपं घाईघाईने फुलून घेतात, म्हणून जंगलभर निळा-जांभळा गालिचा होतो. जगातल्या ब्लूबेलपैकी जवळपास निम्मी ब्रिटनमध्येच आहेत म्हणतात, त्यामुळे त्यांना त्याचं कौतुक असणारच. आणि गालिचा दिसला की ते जंगल जुनं असावं असा अंदाज करतात, तिकडे किमान सन १६०० पासून सलग चालत आलेल्या जंगलाला प्राचीन जंगल म्हणतात. गाडीने लांब जायचं नसेल तर लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये राणी शार्लटच्या कॉटेजभोवती ब्लूबेल आहेत, आणि ती बाग १७५९ ची, म्हणजे आपल्या राणीच्या बागेपेक्षा शंभर वर्षांनी मोठी.

अस्सल ओळखायचं असेल तर देठ एका बाजूला झुकलेला आणि गोड वास. ताठ उभं आणि बिनवासाचं असेल तर ते बहुतेक स्पॅनिश. कंदाचा विचार मात्र डोक्यातून काढा, जंगली कंद उकरणं तिथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आणले तरी ऐरोलीच्या गॅलरीत ते जगायचे नाहीत. फोटोसाठी वाट सोडून आत शिरू नका, लेक शिरली तरी तुम्ही तिला ओढा. पानं तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि ते झाड सावरायला वर्षं लागतात. साडी नेसा, छान दिसेल निळ्यावर, पण पायात बूट घाला, चिखल असतो.

आणि परत आल्यावर इकडेही गालिचा बघायचा असेल तर तो आपल्याकडे वसंतात नाही, पावसाळा सरताना असतो, सप्टेंबरला साताऱ्याच्या कास पठारावर.

प्रश्न : होळीला मुलांसाठी पळसाचा रंग करायचा आहे. येऊरहून फुलं आणली तर चालेल? (वर्तकनगर)

उत्तर : नाही, राष्ट्रीय उद्यानातून काहीही आणायचं नाही, खाली पडलेलंसुद्धा. रस्त्याकडेला किंवा ओळखीच्या कोणाच्या आवारात पळस असला तर खालची फुलं वेचा, रात्रभर पाण्यात भिजवा किंवा उकळून घ्या, गाळा, झाला पिवळा-केशरी रंग. चुना टाकला की गडद होतो हे खरं, पण मुलांच्या डोळ्यात जाणार असेल तर फिकाच बरा. कपड्यावरून निघत नाही, जुने शर्ट.

प्रश्न : सोसायटीतला बहावा यंदा मार्चमध्येच फुलला. बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो म्हणतात, मग मेच्या सुरुवातीलाच येणार का? गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्याप्रमाणे ठरवायचं आहे. (खारघर)

उत्तर : जुन्या माणसांचा तो ठोकताळा रानातल्या बहाव्यावरून आहे, जो साधारण एप्रिलअखेर ते मेमध्ये भरात येतो, म्हणून हिशेब जुळायचा. सोसायटीच्या झाडाला रोज नळाचं पाणी, आजूबाजूला काँक्रीट, त्याचं वेळापत्रक वेगळं, ते मार्चमध्येही चार घोस दाखवतं आणि मेमध्ये पुन्हा फुलतं. पिवळ्या घोसांखाली चहा घेऊन बसा, मजा करा. वॉटरप्रूफिंगवाल्याला मात्र आजच फोन करा, मेमध्ये तो कोणाचाच फोन उचलत नाही.