३८१६५४७२९ : पावलागणिक भाग जाणारी संख्या

गुणधर्मांनी थक्क करेल अशी एखादी मोठी पूर्ण संख्या सांगा, असं तुम्ही विचारलंय. माझी लाडकी संख्या आहे ३८१६५४७२९.

१ ते ९ हे सगळे अंक तिच्यात एकेकदाच आलेत. आता डावीकडून वाचत चला. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, आणि असं करत करत अख्ख्या संख्येला ९ ने. बाकी कुठेच उरत नाही. हे नऊ अंक ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात. त्यांतली ही एकच मांडणी या अटीत बसते.

मागच्या मे महिन्यात भाची सुट्टीत आमच्याकडे नागपूरला आली होती. दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानाचे नऊ चौकोन कापले, एकेकावर एक अंक लिहिला, कूलरच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर चिंचोके ठेवले आणि फरशीवर बसून संख्या जुळवायला घेतली.

पाचव्या जागी ५ च येणार, हे तिनं लगेच सांगितलं. २, ४, ६, ८ ने भाग जायचा म्हणजे त्या जागांवर सम अंक; उरलेल्या जागी १, ३, ७, ९. पुढचं मात्र निगुतीनं करावं लागतं. तिसरा अंक विषम आहे, म्हणून ४ ने भाग जायला चौथा अंक २ किंवा ६ च हवा. ८ च्या कसोटीनं आठव्या जागेचंही तेच होतं. म्हणजे ४ आणि ८ दुसऱ्या आणि सहाव्या जागी गेले. पहिल्या तीन अंकांना ३ ने भाग जातो आणि पहिल्या सहांना ६ ने, म्हणून मधल्या तिघांच्या बेरजेलाही ३ ने भाग जायला हवा. त्यामुळे मधे २५८ तरी येतं, नाहीतर ६५४. ९ ची काळजीच नको, कारण सगळ्या अंकांची बेरीज ४५.

इतकं झाल्यावर दहाच संख्या उरतात. त्यांत ९८७६५४३२१ सुद्धा आहे! भाचीला वाटलं, हीच असणार. पण ९८७६५४३ ला ७ ने भागलं की बाकी ५ उरते. एकेक करून नऊ संख्या तिथेच गळाल्या. "मामा, सगळे सातावरच अडून राहिले ना," ती म्हणाली. मग तिनं ३८१६५४७ भागायला घेतलं. भागाकार ५४५२२१, बाकी शून्य. चिंचोके तसेच टाकून ती आईला सांगायला स्वयंपाकघरात पळाली.

मला या संख्येचं अप्रूप याचसाठी आहे. १ ते ९ पैकी सात सोडून बाकी सगळ्यांच्या कसोट्या आपण शाळेत शिकलेल्या असतात, आणि निकाल लावतो तो सातच.

शेवटी शून्य जोडलं तर ३८१६५४७२९० ला १० नेही भाग जातो, म्हणजे दहाही अंक एकेकदा येऊन अट पाळली जाते. अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ही साखळी आणखी लांबते, पण पंचवीस अंकांवर थांबते. तेवढी लांब संख्या एकच आहे: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे सव्विसावा अंक ० ते ९ पैकी कोणताही लावून बघा, २६ ने भाग जात नाही.