खगोलशास्त्राचा कोर्स : कोणता घ्यावा आणि कधी?

प्रश्न : मी विद्यापीठात भौतिकशास्त्र मुख्य विषय घेऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकते आहे. आमच्याकडे खगोलशास्त्राचे दोन ऐच्छिक कोर्स आहेत. एक कोणत्याही शाखेच्या मुलांसाठी, दुसरा फक्त विज्ञानाच्या. पहिल्यात गणित जवळपास नाही आणि मार्क भरपूर मिळतात, असं सीनियर सांगतात. दुसरा कठीण आहे म्हणे. मला लहानपणापासून आकाशाचं वेड आहे. पुढच्या सेमिस्टरलाच दुसरा घेऊ का? बाबांचा प्रश्न वेगळाच आहे : याचा नोकरीला उपयोग काय?

उत्तर : दुसराच घे, पण पुढच्या सेमिस्टरला नको. वर्षभर थांब.

दोन्ही कोर्सचे सिलॅबस शेजारी ठेवलेस तर प्रकरणांची नावं बरीचशी सारखी दिसतील : सूर्यमाला, तारे, दीर्घिका, विश्वाचा विस्तार. फरक कळतो तो गृहपाठ हातात पडल्यावर. पहिल्या कोर्समध्ये सूर्याचं वस्तुमान किती, हे सांगितलं जातं. दुसऱ्यात पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर, वर्षाचे सेकंद आणि गुरुत्वस्थिरांक एवढं देतात आणि वस्तुमान तू काढायचं असतं. केप्लरच्या तिसऱ्या नियमात या संख्या घातल्या की उत्तर २ × १०³⁰ किलो येतं. एवढं तर तू आजही करू शकशील.

थांब म्हणतो ते पुढच्या भागासाठी. सूर्याचा वर्णपट घे. त्यात ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरजवळ कॅल्शियमच्या दोन ठसठशीत काळ्या रेषा आहेत. त्यांच्यापुढे हायड्रोजनच्या दृश्य प्रकाशातल्या रेषा फिक्या वाटतात. मग सूर्यावर कॅल्शियम जास्त आहे का? मुळीच नाही. तिथे चार-पाच लाख हायड्रोजन अणूंमागे कॅल्शियमचा एक अणू आहे. खरी गोष्ट अशी की हायड्रोजनची दृश्य रेषा उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर असावा लागतो. ती पातळी तळापासून १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. या तापमानाला अब्जात जेमतेम चार-पाच अणू त्या पातळीवर सापडतात. कॅल्शियमचं उलट आहे. त्याचा एक इलेक्ट्रॉन सहज निघून जातो, आणि उरलेला आयन तळाच्या पातळीवरूनच त्या दोन तरंगलांबींचा प्रकाश गिळतो.

कुठल्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन निघून जातील, हे सांगणारं समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलं. ते वापरून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या बड्या खगोलशास्त्रज्ञाला ते पटलं नाही. त्याच्या सल्ल्यावरून पेन यांनी आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असं प्रबंधात लिहून ठेवलं. १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा कोर्स तुला हे आकडेमोडीसकट करायला लावतो. त्यासाठी अणूच्या ऊर्जापातळ्या आणि बोल्ट्झमनचं वितरण (दिलेल्या तापमानाला कुठल्या पातळीवर किती अणू असतील ते सांगणारं सूत्र) निदान ओळखीचं हवं. नाहीतर वर्गात बसून फळ्यावरचं सूत्र वहीत उतरवशील, परीक्षेत संख्या घालशील आणि कोर्स हातून निसटून जाईल. म्हणून यांत्रिकी, कॅल्क्युलस आणि प्रकाशशास्त्र आधी होऊ दे. आधुनिक भौतिकी सोबत चालू असली तरी चालेल. पूर्ण क्वांटम मेकॅनिक्स संपेपर्यंत मात्र थांबू नकोस. तसं थांबणारे शेवटच्या वर्षापर्यंत थांबतात आणि मग प्रोजेक्टला वेळ उरत नाही.

तुमच्याकडे हा कोर्स दोन सेमिस्टरमध्ये विभागलेला असेल आणि एकच भाग घेता येणार असेल, तर ताऱ्यांचा घे. विश्वरचनाशास्त्राचं आकर्षण मोठं असतं, पण ते नीट कळायला लागणारं गणित पुढच्या वर्षांतलं आहे. ताऱ्यांत मात्र तू शिकलेलं जवळजवळ सगळं भौतिकशास्त्र कामाला लागतं.

मार्कांसाठी पहिला कोर्स घ्यायचा मोह होत असेल, तर आधी नियमपुस्तिका वाच. सर्वांसाठी असलेल्या कोर्सचे क्रेडिट मुख्य विषयात धरत नाहीत, असं अनेक विद्यापीठांत असतं. कोर्स वाईट नसतो, पण ज्यांचा विज्ञानाशी पुन्हा संबंध येणार नाही त्यांच्यासाठी तो बेतलेला असतो.

प्रॅक्टिकलबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. ते विचारायला हवं होतंस, कारण कोर्सचा निम्मा जीव तिथे असतो. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातून आलेला कच्चा फोटो बघून पहिल्यांदा बहुतेकांची निराशा होते : धुळीची वर्तुळं, कडेला अंधार, मधूनच चमकणारे खोटे ठिपके. बायस (शून्य वेळाची), डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची) अशा तीन प्रकारच्या फ्रेम, म्हणजे फोटो, वेगळ्या घेऊन तो साफ करावा लागतो. मग ताऱ्याची तेजस्विता मोजायची आणि मोजणीत चूक किती असेल तेही लिहायचं. १०,००० फोटॉन मोजले तर अनिश्चितता सुमारे १०० ची, म्हणजे एक टक्का. ती दहापट कमी करायला शंभरपट फोटॉन लागतात. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर प्रकाश साधारण एक टक्क्यानेच घटतो. पृथ्वीएवढा गेला तर टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. असले ग्रह शोधायला इतकी वर्षं का लागली, हे तेव्हा हाताला कळतं. आणि हो, ढग येतात. ठरलेल्या रात्री वाया जातात, अहवालाची तारीख काही हलत नाही. त्या सेमिस्टरला दुसरं जड प्रॅक्टिकल घेऊ नकोस.

या वर्षभरात पायथन शीक. ताऱ्यांची स्थानं आणि अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाची निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली आहेत. २०२२ च्या तिसऱ्या संचात सुमारे १८० कोटी स्रोतांची नोंद आहे. त्यातला कृत्तिकांच्या दिशेचा तुकडा उतरवून घे. सुमारे ७.४ सहस्रांश विकला इतका पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं किंचित सरकणं, पॅरॅलॅक्स) असलेले, म्हणजे अंदाजे ४४० प्रकाशवर्षांवरचे, आणि एकाच दिशेने सरकणारे तारे वेगळे काढ. त्यांचा रंग आणि तेजस्विता आलेखावर मांड. ताऱ्यांची मुख्य श्रेणी, म्हणजे बहुतेक तारे ज्यात येतात तो पट्टा, तिरकी पसरलेली दिसेल. यात जे अडेल, त्यातूनच कोर्समध्ये विचारायचे प्रश्न तयार होतील.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. एका कोर्सवर नोकरी मिळत नाही. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ व्हायचं तर पीएचडी, मग बहुधा दोन-तीन तात्पुरत्या संशोधनवृत्त्या, त्याही वेगवेगळ्या देशांत, आणि शेवटी मोजक्या कायम जागांसाठी चुरस. त्या वाटेवरही प्रवेश देणारे खगोलशास्त्राचे किती कोर्स केलेस हे आधी बघत नाहीत. विद्युतगतिकी, क्वांटम, सांख्यिकी यांतली पकड आणि प्रोजेक्टमधलं काम बघतात. म्हणून पदवी भौतिकशास्त्राचीच ठेव.

संशोधनात गेली नाहीस तरी गोंगाटातून संकेत वेगळा काढायची सवय तुझ्याकडे राहते. उपग्रहचित्रांचं विश्लेषण, वैद्यकीय प्रतिमा, प्रकाशीय उपकरणांची रचना, डेटाशी संबंधित कामं, या सगळ्यांत ती लागते. वातावरणामुळे थरथरणारी ताऱ्यांची प्रतिमा स्थिर करायला दुर्बिणींत जे अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स वापरतात, तेच आता जिवंत डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी बघायलाही वापरलं जातं. बाबांना हे जरूर सांग, पण नोकरीची हमी म्हणून नको.

एक शंका मला तुझ्या पत्रातल्या ‘वेड’ या शब्दाने आली. नक्षत्रं ओळखणं, उल्कावर्षावाची वाट बघत जागणं हे ते वेड असेल, तर या कोर्समध्ये त्याची भूक भागणार नाही. त्यासाठी हौशी निरीक्षकांचा गट बरा. दोन्हीची आवड असणारे असतात. तू त्यातली आहेस का, ते नोंदणीआधीच तपासता येईल. शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून मागच्या वर्षीचा एखादा मधला गृहपाठ माग आणि दोन दुपारी त्यावर घाल. कॅल्क्युलसपाशी अडलीस तर सुट्टीत तेवढं पक्कं कर. भौतिकशास्त्रापाशी अडलीस तर ते प्रकरण तुमच्या कुठल्या सेमिस्टरला येतं ते बघ आणि त्यानंतरच्या सेमिस्टरला नाव नोंदव. गणित जमत असूनही कंटाळा आला, तर मला पुन्हा लिही; मग आपण दुसऱ्या ऐच्छिक विषयांचा विचार करू.