वाचक विचारतात: इथे करमायचं कसं?

प्रश्न: निवृत्तीनंतर शहराच्या टोकाला, शांत वसाहतीत राहायला आलो. नाट्यगृह नाही, बाजार लांब. पेन्शनमध्ये भागेल असा विरंगुळा सुचवा.

उत्तर: मीही अशाच वसाहतीत राहते. पहिले सहा महिने नुसती कुरकुर केली. मग एका रात्री वीज गेली, गच्चीवर गेले, तर कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसला! अंधार ही तुमच्याकडची फुकटची चैन आहे, ती आधी वापरा. दुर्बीण लगेच घेऊ नका (माझी कपाटावर धूळ खातेय). आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, न लुकलुकणाऱ्या ठळक ठिपक्यासारखं चार-पाच मिनिटांत डोक्यावरून जातं. त्याच्या वेळा ‘नासा’कडून फुकट मिळतात. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघा. चटई टाकून आडवं व्हायचं आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्यायची. मोबाइल घरात.

पहाटे जाग येत असेल तर पक्षी आहेतच. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतालच्या पक्ष्यांची मोजणी होते. किमान १५ मिनिटं निरीक्षण करून ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची, पैसे लागत नाहीत. पहिल्या वर्षी मी एकच साळुंकी तीनदा मोजली असणार, असा मला दाट संशय आहे.

नाट्यगृहाला मात्र पर्याय नाही. महिन्यातून एकदा बस पकडा.