आठ माणसांच्या धंद्याला रिॲक्ट कशाला?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॅकिंग मटेरियलचा धंदा, आठ माणसं, दोन काउंटर. स्टॉक आणि बिलांचं सॉफ्टवेअर कुठल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बांधायचं: जँगो (पायथन), लारावेल (पीएचपी) की नोड-रिॲक्ट (जावास्क्रिप्ट), असं विचारलंय तुम्ही. जँगो घ्या. माल, पार्ट्या, दर भरायचे स्क्रीन त्याच्या तयार ॲडमिन पॅनेलमध्ये जवळजवळ फुकट मिळतात. ब्राउझरमध्ये स्क्रीन रंगवणारं रिॲक्ट लावलं की भरलेल्या माहितीची तीच तपासणी एकदा ब्राउझरमध्ये, एकदा सर्व्हरवर लिहायची. 'पेज रिलोड होतं, जुनाट दिसतं' अशी तक्रार गोडाउनमधला माणूस करत नाही. करतो तो डेव्हलपर, स्वतःच्या बायोडेटासाठी.

फ्रेमवर्क कुठलंही घ्या, घोडं अडणार बिल नंबरवर. हमखास लिहिला जाणारा कोड म्हणजे शेवटचा नंबर शोधा, त्यात 1 मिळवा. दोन्ही काउंटरवर एकाच क्षणी 'सेव्ह' दाबलं की दोघांनाही 1047 दिसतो आणि 1048 ची दोन बिलं निघतात. मग कोणीतरी शहाणा सुचवतो, डेटाबेस प्रत्येक नोंदीला आपोआप देतो तो ऑटो-आयडीच वापरा की! अजिबात नको. एंट्री फसून रोलबॅक, म्हणजे रद्द, झाली तर तो नंबर वाया जातो, आणि जीएसटीला नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा, जास्तीत जास्त 16 अक्षरी. त्यासाठी वेगळं टेबल करा, वर्षाला एक ओळ. 'ट्रान्झॅक्शन.ॲटॉमिक'च्या (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही) आत ती ओळ 'सिलेक्ट_फॉर_अपडेट'ने लॉक करा म्हणजे दुसरा काउंटर थांबेल, नंबर वाढवा आणि बिलही तिथेच सेव्ह करा. वर्ष आणि नंबर या जोडीला युनिक करून टाका, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा सेव्हच होणार नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर मात्र हा लॉक लागतच नाही आणि जँगो एररही देत नाही. टेस्टिंगला सगळं छान दिसतं. डेटाबेस पोस्टग्रेसच घ्या.

कराचा दर बिलाच्या प्रत्येक ओळीवर कॉपी करा. तो मास्टरमधून, म्हणजे मालाच्या मूळ यादीतून, वाचत राहिलात, तर 22 सप्टेंबर 2025 च्या दरबदलाआधीचं बिल आज पुन्हा छापताना नव्या दराने निघेल. रक्कम डेसिमलमध्ये ठेवा, फ्लोटमध्ये नाही, त्यात पैशांचा हिशेब अचूक राहत नाही.

हाताशी माणूस पीएचपीवाला असेल तर लारावेल घ्या, वाद नाही. लॉक तिथेही तसाच, 'लॉकफॉरअपडेट'. जँगो घेतलं तर 5.2 घ्या, त्याला एप्रिल 2028 पर्यंत सिक्युरिटी दुरुस्त्या आहेत. आणि हो, टॅली नीट चालू असेल तर बिलं तिथेच राहू द्या, इथे फक्त स्टॉक आणि डिलिव्हरी चलन आणा. चलनालाही सलग नंबर लागतो, तेव्हा लॉक काही टळत नाही.