बोटीत चढली की सायकल सामान होते

प्रश्न : ताई, आम्ही उदगीरचे तिघं मित्र, सायकलवर कन्याकुमारी करून आलो. आता दिवाळीच्या सुट्टीत नागपट्टिनमवरून बोटीनं श्रीलंकेत उतरून जाफना ते कँडी करायचंय. बॉर्डरवर सायकलचं काय करतात, खोलावी लागते का, कागदं काय लागतील? – एक वाचक, उदगीर

उत्तर : दादा, आधी दिवाळीचंच बोलते कारण सगळं तिथंच अडतंय. आपल्याकडं परतीचा पाऊस सरून ज्वारीची पेरणी चालू असते ना, नेमका तेव्हाच तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस लागतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, अन् समुद्र खवळतो. नागपट्टिनम ते कांकेसंथुराई (जाफन्याजवळचं बंदर) ही बोट १४ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली आणि थोड्याच दिवसात हवामानापायी बंद पडली, परत सुरू झाली ती १६ ऑगस्ट २०२४ ला. म्हणून मार्चमध्ये जा, ऊन सोसेल पण बोट मिळेल, आणि जाताना-येताना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा, परतीच्या रेल्वेचं तिकीट बोटीच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका.

आता सायकल. मी कंबोडियातनं व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीवरनं बोटीनं गेले होते, नोम पेन्हवरून चाउ डॉकला. तिथं पोरांनी सायकल अख्खीच उचलून टपावर बांधली, दोन्हीकडच्या चौकीवर आम्ही उतरलो, शिक्के घेतले, झालं. उतरल्यावर बघते तर दोरीनं फ्रेमचा रंग पार पत्र्यापर्यंत खरवडलेला, तेव्हापासून जुन्या ट्यूबचे तुकडे सोबत असतात, दोरीखाली गुंडाळायला. पण ती नदी. इथं समुद्र आहे, साधारण ११० किलोमीटर, चार तास, आणि बोट माणसांची आहे, तिथं तुमची सायकल म्हणजे सामान. म्हणून तिकीट काढायच्या आधी बोटीच्या कंपनीला सायकल भरलेल्या बॉक्सचं माप आणि वजन ईमेलनं कळवा, हो म्हणाले तर ते उत्तर प्रिंट करून जवळ ठेवा, फोनवरच्या "आ जाओ"वर उदगीर सोडू नका.

खोलायची तयारी ठेवाच. एक सांगते, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं तरच सुटतं, घाईत लोक उलटं आवळत बसतात आणि आटे जातात. घरीच एकदा काढून ग्रीस लावून बसवा.

पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा, श्रीलंकेचा ईटीए, म्हणजे देशात यायची परवानगी, ऑनलाइन आधीच काढा. सायकल महागडी असेल तर बिल सोबत घ्या, फ्रेम नंबरचा फोटो काढा आणि निघताना आपल्या कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट मागा, म्हणजे परत येताना ही तिकडं घेतली का असा प्रश्न येत नाही. याचा लोक कंटाळा करतात, तुम्ही करू नका.

उतरलात की पहिलं काम, सायकल गोड्या पाण्यानं पुसून चेनला तेल. आपल्या मराठवाड्यात लोखंड पावसात भिजल्यावर गंजतं, तिथं नुसत्या वाऱ्यानं गंजतं. पुढं गाड्या डाव्याच बाजूनं, घड्याळ आपलंच, जाफन्याहून कँडीला ए-९ रस्ता जातो, सुरुवातीला अगदी सपाट, चढ शेवटी कँडीजवळ. तिघांचे पासपोर्ट आहेत ना? नसतील तर आत्ताच अर्ज करा.